घट्ट झाकणाचा डबा

कुणाकडे पहिल्यांदा जाताना रिकाम्या हातानं जायचं नाही, हे माझ्या अंगात इतकं भिनलेलं आहे की मी दुखणाइतांच्या सभेलासुद्धा चिवडा घेऊन गेले. ही सभा अमेरिकेतल्या वूस्टर शहरात एका चर्चच्या तळघरात गुरुवारी दुपारी भरायची. दुपारी अशासाठी, की सकाळी आमच्यापैकी कुणाचेच सांधे कामावर रुजू झालेले नसायचे. संधिवाताचा एक चिवट प्रकार असतो, तो एकदा शरीरात शिरला की न जाणाऱ्या पाहुण्यासारखा ठाण मांडून बसतो. तो झालेल्या लोकांचा हा सपोर्ट ग्रुप.

मला तिथे जायचं नव्हतं. परक्या माणसांत गोल करून बसायचं आणि आपापल्या गुडघ्यांचं रडगाणं गायचं, यात कसला आलाय सपोर्ट? पण डॉक्टरांनी सुचवलं आणि श्रीरंगनं ते उचलून धरलं. श्रीरंग म्हणजे माझा नवरा. पुण्यात तो ‘अहो’ होता, अमेरिकेत आल्यावर हळूहळू ‘श्रीरंग’ झाला. व्यवसायानं इंजिनियर असल्यामुळे जगातल्या प्रत्येक बिघाडाला कुठेतरी एक दुरुस्तीचं दुकान असतंच, अशी त्याची ठाम समजूत. अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यानं मला गाडीत घातलं, चर्चच्या दारात उतरवलं आणि स्वतः पार्किंगमध्ये पेपर उघडून बसला.

आत डोरोथी नावाच्या बाईंनी माझं स्वागत केलं. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, केस पांढरेशुभ्र, बोटं माझ्यापेक्षाही वाकडी. त्यांच्या शेजारी फ्रँक. यानं जन्मभर टपाल वाटलेलं, आणि आता स्वतःच्या घराच्या पायऱ्या चढताना त्याला मध्ये थांबावं लागे. शिवाय आणखी काही बायका. मी सगळ्यांना नमस्कार केला आणि माझ्या लग्नातला स्टीलचा डबा टेबलावर ठेवला. चिवडा सादळू नये म्हणून श्रीरंगनं सकाळीच त्याचं झाकण तळहातानं ठोकून बसवलं होतं.

डोरोथीबाईंनी झाकणाला हात घातला. ते हललं नाही. मग फ्रँकनं डबा पोटाशी धरून जोर लावला. मग डबा गोलात फिरला. कुणी नखं घातली, कुणी चमचा आणला, पण तो चमचा दाबायचा कुणी हा प्रश्न आलाच. शेवटी डबा माझ्यापर्यंत आला. सगळे आशेनं माझ्याकडे बघत होते, आणि मला हे सांगणं भाग होतं की हा माझाच डबा असला तरी गेलं वर्षभर तो मला उघडता येत नाही. संधिवाताच्या सभेला ठोकून बसवलेला स्टीलचा डबा नेणारी बाई मीच.

अखेर फ्रँक रेलिंगला धरून वर गेला आणि त्यानं पार्किंगमधून श्रीरंगला बोलावून आणलं. श्रीरंगनं अंगठ्यानं एकदाच झाकण उचकटलं आणि तळघरात टाळ्यांचा कडकडाट झाला. श्रीरंग कानापर्यंत लाल झाला. मी हसायला लागले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि बघते तर सगळेच हसत होते. वर्षभरात मी घरात अशी हसले नव्हते. त्या हसण्यासाठीच मी पुढच्या गुरुवारी पुन्हा गेले.

आम्ही राहायचो त्या शेजारच्या श्रूजबरीतल्या आमच्या मराठी मंडळींत मात्र मी या दुखण्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आपल्याकडे सर्दी-खोकला झाला की माणूस कौतुकानं चारचौघांत सांगतो, पण न जाणारं दुखणं कुणी सांगत नाही. सांगितलं असतं तर एकीनं वांगी सोडायला लावली असती, दुसरीनं एरंडेल पाजलं असतं आणि तिसरीनं तांब्याचं कडं आणून दिलं असतं. ते कडं हातात गेलंच नसतं, हा भाग वेगळा. माझ्या बांगड्या केव्हाच उतरल्या होत्या आणि साखरपुड्याची अंगठी कापून काढावी लागली होती. डॉक्टर दर आठवड्याला मला सोन्याचं इंजेक्शन देत, कारण या दुखण्यावर त्या काळी खरोखरच सोन्याचं औषध होतं. अंगावर घालायचं सोनं बँकेत पडलेलं आणि मी ते दंडात टोचून घेत होते.

आमच्या ग्रुपची एक रीत होती. या आठवड्यात काय जमलं नाही, ते प्रत्येकानं एका वाक्यात सांगायचं. ऐकणाऱ्यांनी हळहळायचं नाही आणि विचारल्याशिवाय उपाय सुचवायचा नाही. फ्रँक म्हणायचा, शर्टाचं वरचं बटण लागलं नाही. डोरोथीबाई एकदा म्हणाल्या, स्वतःच्या दाराच्या कुलुपात किल्ली फिरली नाही म्हणून शेजारीण येईपर्यंत पायरीवर बसून राहिले. माझी पाळी आली की मी सांगायची, सगळं जमलं. कुणी कधी मला खोटं पाडलं नाही. डोरोथीबाई नुसती मान हलवून पुढच्या माणसाकडे वळायच्या, आणि त्याचाच मला राग यायचा.

मग त्या वसंतात, रविवारी सकाळी, आमच्या सुमेधाचा टेक्ससहून फोन आला. सुमेधा आमची एकुलती एक. पाच वर्षांची असताना आमच्याबरोबर इकडे आली, इथेच शिकली, आणि लग्न करून विनयबरोबर प्लेनोला राहायला गेली. तिला दिवस गेले होते आणि ऑक्टोबरची तारीख मिळाली होती. मी आनंदानं काय काय बोलले ते मला आठवत नाही. तिचं एक वाक्य मात्र लख्ख आठवतं.

“आई, तू बेबीला पायावर घेऊन आंघोळ घालशील ना? माझ्या अल्बममध्ये फोटो आहे तसा. ऑफिसमध्ये कुणाला खरंच वाटत नाही की आम्ही असं करतो.”

पाटावर बसून पाय लांब करायचे, त्या पायांच्या खोबणीत बाळाला निजवायचं, एका हातानं धरून दुसऱ्या हातानं तेल लावायचं, चोळायचं, पाणी घालायचं. सुमेधाला मी असंच वाढवलं होतं. तिला म्हटलं, म्हणजे काय, घालणारच. फोन ठेवला आणि माझ्या हातांकडे बघत बसले.

लेकीचं बाळंतपण आईनं करायचं, यात माझ्या लेखी चर्चेला जागाच नव्हती. शिवाय नागपूरला विहीणबाई टपून बसलेल्या. बाई मनानं चांगल्या, पण घरातल्या सगळ्या नातवंडांना त्यांनी न्हाऊ घातलेलं आणि ते त्या पत्रातून सारखं कळवायच्या. माझ्या हातांचं सुमेधाच्या कानावर गेलं असतं, तर ती प्रेमानंच म्हणाली असती की आई, तू त्रास घेऊ नकोस, आपण त्यांना बोलावू. मग मी प्लेनोला जाऊन काय करणार होते? सोफ्यावर बसून दुसरीच्या मांडीवरचं माझं नातवंड बघणार होते. म्हणून दर रविवारी ती विचारायची, आई, कशी आहेस, आणि मी सांगायची, ठणठणीत. दिवाळीत तिनं सुजलेली बोटं पाहिली होती, तेव्हा मी थंडीवर ढकललं होतं.

पण त्या गुरुवारी पाळी आली तेव्हा नेहमीचं वाक्य तोंडातून निघेना. मी म्हणाले, “मला माझ्या नातवंडाला धरता येणार नाही.” आणि परक्या माणसांसमोर ढसाढसा रडले.

कुणी हळहळलं नाही. डोरोथीबाईंनी विचारलं, सुचवलेलं चालेल का. मी मान हलवल्यावर त्यांनी फ्रँकला चर्चच्या स्वयंपाकघरातून मैद्याची एक मोठी पिशवी आणायला सांगितली आणि ती टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे दिली. बोटांनी धरायचं नाही, त्या म्हणाल्या, बोटांवर विश्वास ठेवायचा नाही. कोपराच्या आतल्या बाजूला डोकं, सगळं वजन हातावर, हाताखाली उशी. त्यांनी स्वतःची नातवंडं अशीच वाढवली होती. त्या दिवसापासून ग्रुपमध्ये मैद्याचं बाळ हातोहाती फिरू लागलं. फ्रँक त्याला पत्रं वाटतानाच्या गोष्टी सांगायचा. पायावरच्या आंघोळीचं मी वर्णन केलं, तेव्हा डोरोथीबाईंनी ताबडतोब दोन खुर्च्या समोरासमोर लावून आपले पाय लांब केले, पिशवी त्यावर ठेवली आणि म्हणाल्या की ही पद्धत शोधून काढणाऱ्या बाईला नक्कीच आमचं दुखणं असणार.

माझाही धीर वाढला. घरी येऊन मी रोज सराव करायला लागले. गुरुवारी दुपारी जमतं, पण बाळ काही गुरुवार-दुपार बघून रडणार नाही, म्हणून मुद्दाम सकाळी उठल्या उठल्या. सप्टेंबरमधल्या एका सकाळी मी पिशवी ओट्यावरून उचलली आणि मनगटातून अशी कळ गेली की हात आपोआप सुटला. पिशवी फरशीवर आपटून फुटली. सगळं स्वयंपाकघर पांढरं झालं.

श्रीरंग झाडू घेऊन आला. त्यानं सगळा मैदा गोळा केला, ओल्या फडक्यानं फरशी पुसली. शेवटी इतकंच म्हणाला, की सुमेधाला सांगूया. मी नाही म्हटलं आणि त्यानं माझा हात धरायला हात पुढे केला तोही झिडकारला. त्या दोन वर्षांत मी कुणालाच माझे हात धरू देत नव्हते.

ग्रुपमध्ये मी एका वाक्यात सांगितलं, बाळ पडलं. डोरोथीबाईंनी पुन्हा विचारलं, सुचवलेलं चालेल का, आणि मग म्हणाल्या, मुलीला सांग. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, तुमच्याकडे चालत असेल असलं, आमच्याकडे बाळंतिणीनं आईची सेवा करायची नसते. त्या माझ्यावर चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्या शांतपणे म्हणाल्या, “पहिल्या दिवशी तुझा डबा उघडायला वरून माणूस बोलवावा लागला. म्हणून चिवडा काही वाईट लागला नाही.” मी घरी जाईपर्यंत गाडीत धुमसत होते.

तरी निघायच्या आधी मी त्यांचा निरोप घ्यायला गेलेच. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू केले होते. केले म्हणजे मी स्टुलावर बसून हुकूम सोडले आणि वळले श्रीरंगनं. मूठ घट्ट दाबणं या जन्मी तरी पुन्हा माझ्या हातून होणार नाही असं दिसत होतं. लाडू त्याच स्टीलच्या डब्यात भरले, झाकण नुसतं वर टेकवलं, आणि डोरोथीबाईंनी त्यावर एक निळी फीत फुलासारखी बांधून दिली. ओढली की सुटणारी. आम्ही एकमेकींना मिठी मारली, हलकेच, कारण खांदे दोघींचेही दुखत होते.

श्रीरंगची रजा उरली नव्हती, तो बारशाला येणार होता. मी एकटीच डॅलसच्या विमानतळावर उतरले. प्लेनोतलं सुमेधाचं घर म्हणजे अवाढव्य प्रकरण, प्रत्येक खोलीत आणखी एक खोली निघत होती. ऑक्टोबरमध्ये मुलगी झाली. काळ्याभोर जावळाची, नाक आमच्या श्रीरंगचं. दवाखान्यात नर्सनं तिला माझ्याकडे दिलं, तेव्हा मी हाताखाली उशी मागितली, कोपरात डोकं घेतलं, बोटांवर विश्वास ठेवला नाही. ती राहिली. माझ्या हातावर शांत झोपून राहिली. मी त्या क्षणी डोरोथीबाईंचे शंभर अपराध माफ केले.

घरी आल्यावर माझं एक तंत्र ठरून गेलं. सगळ्यांच्या आधी उठायचं, बाथरूमचं दार लावून गरम पाण्याच्या नळाखाली हात धरून उभं राहायचं, बोटं जरा वळायला लागली की बाहेर यायचं. सुमेधाला वाटायचं, आई केवढा वेळ आंघोळ करते. नाळ पडेपर्यंत बाळाला नुसतं पुसून घ्यायचं होतं, त्यामुळे तेवढी सवलत होती. मग एका संध्याकाळी नाळ पडली आणि सुमेधानं जाहीर केलं की उद्या सकाळी खरी आंघोळ, पायावरची. विनयनं कॅमेऱ्यात रोल भरून ठेवला. नागपूरला फोनही झाला.

त्या सकाळी माझ्या आधी बाळ उठलं. मला नळाखाली उभं राहायला मिळालंच नाही. मी खोलीबाहेर आले तेव्हा सुमेधा स्वयंपाकघराजवळच्या खुर्चीत बाळाला पाजत बसली होती. तिला सडकून भूक लागली होती.

“आई, एक लाडू दे ना.”

डबा ओट्यावर होता. निळी फीत बाजूला गुंडाळून ठेवलेली. टेक्ससच्या मुंग्यांना दार-खिडकी काही लागत नाही, म्हणून विनयनं रात्री आवरताना झाकण व्यवस्थित दाबून बसवलं होतं. जावई बिचारा नीटनेटका. मी झाकणाला हात लावला. बोटं लाकडासारखी झालेली. तळहातानं रेटून पाहिलं, डबा छातीशी धरून पाहिला. सुमेधाची माझ्याकडे पाठ होती. लाडू संपले, असं सांगता आलं असतं. बाळ रडलं असतं तर तीही विसरली असती. पण तासाभरात मी त्याच हातांनी तिच्या ओल्या, तेलकट, निसरड्या लेकीला धरणार होते. मला फुटलेली पिशवी दिसली.

मी डबा घेऊन तिच्यासमोर गेले, खुर्चीत बसले आणि डबा मांडीवर ठेवला.

“सुमेधा, मला हे झाकण उघडत नाही. दोन वर्षं उघडत नाहीये. मी तुला खोटं सांगत आले.”

मग बाकीचं सगळं सांगितलं. दुखण्याचं नाव, सोन्याची इंजेक्शनं, कापलेली अंगठी, चर्चचं तळघर, मैद्याचं बाळ आणि ते पडलं तेही. तिचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला.

“दोन वर्षं? आई, यू टोल्ड स्ट्रेंजर्स? त्यांना सांगितलंस आणि मला नाही?”

“ते लोक माझ्या हातात बाळ देणार नव्हते,” मी म्हटलं. “तू देणार होतीस. सांगितलं असतं आणि तू दिलंच नसतंस तर?”

बाळाचं दूध पिणं तेवढं ऐकू येत होतं. मी म्हटलं, आता विनयच्या आईंना बोलावून घे, मी रागावणार नाही. हे वाक्य म्हणायला मला किती जड गेलं, ते माझं मलाच ठाऊक. सुमेधानं बाळाला खांद्यावर घेतलं, उठून माझ्या मांडीवरचा डबा ओट्यावर नेला, एका हातानं झाकण उचकटलं आणि एक लाडू काढला.

“हे बाबांनी वळलेत,” ती म्हणाली.

“कशावरून?”

“आई, हा स्क्वेअर आहे.”

मला हसू आलं आणि तिला रडू आलं, किंवा उलट असेल, कारण पुढचा थोडा वेळ दोघींचं दोन्ही चाललं होतं. मग तोंडातला लाडू गिळून तिनं विचारलं, की पायांना काय झालंय. मी म्हटलं, पाय त्या मानानं बरे आहेत, फक्त खाली पाटावर बसलं तर क्रेन आणावी लागेल. ती म्हणाली, मग वर बस.

विनयला उठवून गॅरेजमधली दोन बुटकी स्टुलं बाथरूममध्ये आणून घेतली. एकावर मी बसले, पाय लांब करून टाचा दुसऱ्यावर टेकवल्या. सुमेधा टबाच्या कडेवर, माझ्या गुडघ्यांपाशी. तिनं बाळाला माझ्या नडग्यांच्या खोबणीत निजवलं, आणि ती इवलीशी पाठ तिथे अशी बसली की जणू मापच घेतलं होतं. पाय माझे, हात लेकीचे. मी सांगत होते आणि ती करत होती. तेल आधी टाळूवर घाल. दंड वरून खाली. पोटावर गोल, हलक्या हातानं. आता पालथी कर, घाबरू नकोस, पडत नाही ती, मी आहे. पाणी मानेखालून. बाळानं आधी घर डोक्यावर घेतलं आणि मग कोमट पाणी पाठीवरून वाहायला लागल्यावर एकदम गप्प होऊन डोळे किलकिले केले. विनयनं सगळा रोल संपवला.

बाळ गुंडाळून पाळण्यात निजलं. मी त्या स्टुलावरच बसून होते, पाय ओले, साडी ओली. सुमेधा परत आली. वाटीत थोडं तेल उरलं होतं. ती माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली आणि न विचारता तिनं माझा उजवा हात हातात घेतला. आता नुकतंच शिकलेल्या त्याच हलक्या हातानं ती एकेका बोटाला तेल लावायला लागली. अंगठी कापून काढलेल्या जागी तिचं बोट जरा थांबलं. मी हात मागे घेतला नाही.

बाहेर स्वयंपाकघरात विनय आवराआवर करत होता. भांड्यांचा आवाज आला, मग डबा ओट्यावर सरकल्याचा. सुमेधानं मान वर केली नाही, फक्त आवाज चढवला.

“विनय, ते झाकण दाबू नकोस. नुसतं ठेव.”